तंबूबाहेरचा दिवा

माझे वडील, आमचे अण्णा, चौतीस वर्षे एस.टी.त चालक होते. नाशिकहून मुंबईकडे जाताना कसारा घाट त्यांनी रात्री किती वेळा उतरला असेल, याची मोजदाद त्यांनाही नाही. मी लहान असताना ते सांगत की, घाटात ब्रेकइतकीच किंमत डिपरला असते. समोरून गाडी दिसली की आपला झोत खाली घ्यायचा. त्याने घेतला नाही तर एकदा उघडझाप करून आठवण द्यायची. तरीही त्याने ऐकले नाही, तर आपला झोत वाढवून वचपा काढायचा नाही; नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवून हळू पुढे जायचे. "दोघंही आंधळे झाले तर गाड्या चालवणार कोण?" असे ते म्हणत. सव्वीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करूनही या उपदेशातले शरीरशास्त्र मला गेल्या जूनपर्यंत उमगले नव्हते.

आई गेल्यापासून अण्णा घराबाहेर पडेनासे झाले होते. एके दिवशी माझ्या मुलीने त्यांना विचारले, "आजोबा, बघायचं काय राहिलंय तुमचं?" थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "काजवे." घाटातून जाताना जूनच्या सुरुवातीला झाडे लुकलुकताना त्यांनी अनेकदा पाहिली होती, पण पन्नास प्रवासी घेऊन गाडी थांबवायची कशी? म्हणून ब्याऐंशीव्या वर्षी आम्ही त्यांना भंडारदऱ्याला नेले. अकोले तालुक्यातला हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कुशीत आहे. मे महिन्याची अखेर ते पाऊस जोर धरेपर्यंत येथील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांची गर्दी होते. त्या दिवसांत धरणाच्या पाणफुगवट्याकाठी शेताशेतांतून तंबू उभे राहतात. आमच्या मुक्कामी असे दहा तंबू होते. आम्ही दोन रात्रींसाठी दोन तंबू घेतले. एकात मी व अण्णा, दुसऱ्यात माझी पत्नी व मुलगी.

पहिल्या रात्री काजवे दिसले नाहीत. दिसणार कसे? आवारावर पांढऱ्याशुभ्र एलईडीचा एक मोठा दिवा होता, तंबूंवर रंगीत माळा होत्या, आणि शेजारच्या तंबूतील चार तरुणांनी आपल्या दाराशी एक भला मोठा चार्जिंगचा दिवा नेमका आमच्या दिशेने टांगला होता. नर-मादी काजवे एकमेकांना शोधतात ते त्यांच्या उघडझापीवरून. एवढ्या उजेडात ती खूण हरवते, आणि माणसांच्या डोळ्यांनाही ती टिपता येत नाही. अण्णा खुर्चीत बसून बराच वेळ अंधाराच्या दिशेने पाहत राहिले आणि "म्हातारे डोळे झाले" असे म्हणून आत गेले. त्यांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. डाव्याची राहिली होती. ती का राहिली, तर आधी घरातले लग्न, मग उन्हाळा, मग माझी सवड. मी डॉक्टर आहे, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

अकरा वाजले तरी तो दिवा तंबूच्या कापडातून आत येत होता. अण्णा कुशी बदलत होते. माझा संयम सुटला. मी बाहेर जाऊन त्या तरुणांना एक व्याख्यानच दिले. डोळ्यांच्या पडद्यात निळसर प्रकाशाला विशेष दाद देणाऱ्या पेशी असतात, हे संशोधकांनी 2002 साली दाखवून दिले. त्या पेशी मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असे कळवतात आणि मेलाटोनिन हे रात्रीचे संप्रेरक स्रवणे मंदावते. असे बरेच काही मी त्यांना ऐकवले. सांगितले ते खरे होते, सांगण्याची रीत मात्र चुकीची होती. मुलांनी मुकाट्याने दिवा घालवला. तेवढ्यावर न थांबता मी मालकाला उठवले आणि आवारातले झाडून सगळे दिवे बंद करायला लावले. त्यात स्वच्छतागृहाच्या वाटेवरचा एक लहानसा पिवळा बल्बही होता. "तो ऱ्हाऊ द्या ना डॉक्टरसाहेब," असे तो चाचरत म्हणाला होता. मी ऐकले नाही.

पहाटे तीनच्या सुमारास अण्णा उठले. प्रोस्टेटसाठी त्यांना रात्री एक गोळी असते. तिने उभे राहताच रक्तदाब थोडा उतरतो. लघवीला दोनदा तरी उठावे लागते. मी त्यांच्यासाठी डोक्याला बांधायची नवी बॅटरी घेतली होती. ती एकदा दाबली की प्रखर, दोनदा दाबली की मंद, तीनदा दाबली की लुकलुकणारी. अंधारात हे गणित त्यांना जमेना, मला उठवणे जिवावर आले, म्हणून ते तसेच बाहेर पडले. तंबूचे तणावे, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या दोऱ्या, काळ्या रंगाचे होते. पहिल्याच तणाव्यात पाय अडकून ते डाव्या हातावर पडले.

आवाजाने मी जागा झालो. तीच बॅटरी कपाळावर चढवून प्रखर झोतानिशी बाहेर धावलो. शेजारच्या तंबूतून एक मुलगा मोबाइलचा टॉर्च लावून धावत आला. दोन्ही झोत अण्णांच्या चेहऱ्यावर. त्यांनी उजवा हात डोळ्यांवर धरला आणि ओरडले, "डिपर दे! आधी डिपर दे रे!"

मी बॅटरी खाली केली. त्या मुलाला बहुधा शब्द कळला नाही, पण हावभाव कळला. त्यानेही मोबाइल जमिनीकडे वळवला.

डोक्याला मार लागला नसल्याची मी तीनतीनदा खात्री करून घेतली, कारण अण्णा अ‍ॅस्पिरिन घेतात. काळजीवाहू मंडळींनी हे लक्षात ठेवावे: रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्या वृद्धाच्या डोक्याला पडताना मार लागला, तर त्याला बरे वाटत असले तरी रुग्णालयात न्यावे, सकाळची वाट पाहू नये. अण्णांचे मनगट मात्र दुखत होते. सूज चढण्यापूर्वी घड्याळ काढले, जुन्या मासिकाची जाड घडी खाली ठेवून मुलीच्या ओढणीने हात बांधला आणि गळ्यात अडकवला. सकाळी घोटीला जाऊन क्ष-किरण तपासणी केली. मनगटाजवळच्या हाडाला चीर गेली होती. हाड सरकले नव्हते. पाच आठवड्यांचे प्लास्टर. या वयात खुब्याचे हाड मोडले असते तर मी आज हा लेख लिहीत बसलो नसतो.

घोटीहून परतताना गाडीत कोणी बोलत नव्हते. म्हाताऱ्या डोळ्यांना रात्री नेमके काय होते, हे मला पाठ होते. रुग्णांना मी ते नेहमी सांगतो. तरुणपणी अंधारात बाहुली सात-आठ मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढते तशी ती आक्रसते आणि अंधारातही पुरेशी उघडत नाही. भिंग पिवळट व धूसर होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. यावरून कोणालाही वाटेल की वृद्धांना भरपूर उजेड हवा. घरात वाचताना, औषधाची चिठ्ठी पाहताना ते खरेच आहे. पण रात्री उघड्यावर प्रश्न फक्त प्रमाणाचा नसतो, दिशेचाही असतो. मोतीबिंदू असलेल्या भिंगावर समोरून झोत पडला की तो आत विखुरतो, सगळीकडे धुके पसरते आणि पायाखालची जमीन नाहीशी होते. भरीस भर म्हणजे अंधाराला सरावायला डोळ्यांना अर्धा तास, वृद्धांना त्याहूनही अधिक वेळ लागतो, आणि हा सराव एका प्रखर झोताने क्षणात पुसला जातो. दिवा विझल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणजे त्या मुलांचा दिवा चुकीचा होता. आणि त्यावर मी केलेला उपाय, तो संपूर्ण काळोख, त्याहून चुकीचा. मुलांच्या दिव्याने अण्णांची झोप गेली होती. माझ्या अंधाराने हाड गेले.

शहरातल्या पंचविशीतल्या माणसाला तंबूबाहेर पूर्ण काळोख मिळाला तर तो आनंदेल. ब्याऐंशीच्या माणसाला पावलापुढची जमीन दिसायला हवी, आणि तेवढीच दिसायला हवी. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर मण्यारीसारखे साप रात्रीच फिरतात, तेव्हा बॅटरीशिवाय पाऊल टाकूच नये, हेही त्या रात्री मी विसरलो होतो.

अण्णांना लगेच घरी न्यावे, असे माझ्या मनात होते. ते तयार होईनात. "हात मोडलाय, डोळे नाही. काजवे बघितल्याशिवाय येणार नाही," म्हणाले. मग आम्ही घोटीतल्या स्टेशनरीच्या दुकानातून लाल जिलेटिनचा कागद आणि रबरबँड घेतले. अंधारात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशी गडद लाल रंगाला फारशी दाद देत नाहीत, त्यामुळे लाल उजेडात चालले तरी डोळ्यांचा सराव बराचसा टिकतो. वृद्धांसाठी लाल उजेड फार मंद ठेवू नये, ही माझी पुस्ती. त्यात दगड आणि खड्डा यांतला फरक कमी कळतो.

दुपारी मी शेजारच्या तंबूत गेलो. रात्रीच्या व्याख्यानाबद्दल क्षमा मागितली. ज्या मुलाने मोबाइल आणला होता तो म्हणाला, "काका, आजोबा रात्री उठतात एवढंच सांगितलं असतं तरी चाललं असतं." बरोबर होते त्याचे. शेजाऱ्याला मेलाटोनिन शिकवण्याची गरज नसते. ‘आमच्याकडे वयस्कर माणूस आहे, तुमचा दिवा जरा खाली वळवता का, आणि वाटेवरचा मात्र राहू द्या’, एवढे पुरते. हे दिवे लागायच्या वेळी, ओळख करून घेताना सांगावे. रात्री अकराला, चिडून, सांगू नये.

मग ती चार मुले, मालक आणि मी कामाला लागलो. मालकाने जुन्या धोतराच्या पांढऱ्या चिंध्या फाडल्या, त्या प्रत्येक तणाव्याला गुडघ्याच्या उंचीवर बांधल्या. वाटेवरचा पिवळा बल्ब खांबावरून उतरवून त्याजागी झिरोचा बल्ब लावला, तो तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात बसवला आणि डबा पालथा करून वाटेलगत गुडघाभर उंचीच्या खुंटीवर अडकवला. उजेड फक्त जमिनीवर पडे. पाच पावले दूर उभे राहिले तर दिवा दिसतही नसे. असे दोन डबे झाले. आवारातला मोठा दिवा जेवणे होईपर्यंत ठेवायचा, नंतर बंद. रात्री उशिरा गाडी आली तर आवारात शिरण्यापूर्वी हेडलाइट घालवून फक्त पार्किंगचे दिवे ठेवायचे. रिमोटने गाडी बंद करताना चारही इंडिकेटर चमकतात आणि भोंगा वाजतो, म्हणून दार किल्लीने लावायचे. ही शेवटची सूचना त्या मुलांचीच. मला ती सुचली नसती.

एका गोष्टीवर मात्र अण्णा व माझे जमले नाही. रात्री तंबूतच वापरायला मी प्लास्टिकचे भांडे आणले होते. ते त्यांनी पाहिलेही नाही. शेवटी तडजोड झाली: उठल्यावर दोन मिनिटे पाय खाली सोडून बसायचे, मला हाक मारायची, चष्मा आणि बूट उशाशीच असतील, बूट झटकून घालायचे. त्यांचा दुहेरी भिंगांचा चष्मा मी घरीच ठेवून लांबचा आणला होता. दुहेरी चष्म्याच्या खालच्या काचेतून पाहिले की पावलांजवळची जमीन अस्पष्ट होते, आणि उतारावर ते फार महागात पडते. बॅटरीही साधी, एका बटनाची, लाल कागद लावलेली, मनगटाच्या दोरीने उजव्या हातात. तिचा झोत कायम आपल्या पावलांवर ठेवायचा, कोणाशी बोलायचे झाल्यास आधी ती छातीवर टेकवायची. हे अण्णांना शिकवावे लागले नाही.

तंबूत राहायला आपण कशाला जाणार, असे काही वाचकांना वाटेल. पण आषाढी वारीत पालखीच्या मुक्कामाला हजारो वृद्ध तंबू-राहुट्यांत आणि उघड्यावर निजतात. मी काही वर्षे तिथल्या आरोग्यपथकात जातो. पायांचे फोड आणि जुलाब यांच्या खालोखाल रात्रीची पडझड मला तिथे आठवते. तणाव्यात अडकलेल्या, खुंटीला ठेचकाळलेल्या, ट्रकच्या हेडलाइटने दिपून खड्ड्यात गेलेल्या आज्या. दिंडीबरोबर जाणाऱ्या तरुणांनी निघताना चार पांढऱ्या चिंध्या आणि लाल कागद बरोबर घ्यावा. लग्नाच्या मांडवाबाहेर, गावच्या जत्रेत, फार्महाऊसवर, सगळीकडे हीच अडचण असते. आणि घरी? पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर, जमिनीलगत, बल्ब दिसणार नाही असा मंद पिवळा दिवा. बल्बच्या खोक्यावर 2700 किंवा 3000 के असे छापलेले असेल तो पिवळसर. 6500 के म्हणजे पांढराफेक, तो रात्रीसाठी नको. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला एकाच बाजूच्या प्रखर दिव्याच्या लांब सावल्या माणसांसारख्या वाटतात, तो घाबरतो. त्याच्या खोलीत तर हे फारच महत्त्वाचे.

आपल्याकडे हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ती आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे तोंड करून बसवल्यानंतर. गावे अंधारात गेली नाहीत, फक्त उजेड खाली आला.

दुसऱ्या रात्री साडेआठला मोठा दिवा विझला. मुलांनी गाणी बंद केली. अण्णांना खुर्चीत बसवले, प्लास्टरखाली उशी दिली. दहा मिनिटांत माझी मुलगी ओरडली, "ते बघा!" समोरच्या सादड्यावर ठिणग्या उमटू लागल्या होत्या. अण्णांना काही दिसेना. मला वाटले, डाव्या डोळ्याचा पडदा अखेर आड आला. कोणीतरी फोन काढला. शेजारच्या मुलाने त्याच्या हातावर हात ठेवून तो खिशात घालायला लावला. आम्ही काही न बोलता बसून राहिलो. पंचवीस मिनिटे गेली असतील, तीस गेली असतील. मला डावीकडे अण्णांचा श्वास ऐकू येत होता.

"आलं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "एकाच तालात आहेत की रे सगळे."

त्या रात्री ते दोनदा उठले. दोन्ही वेळा मी जागा होतो. डब्याखालच्या उजेडाच्या दोन गोल चकत्यांवरून ते पावले टाकत गेले आणि आले. परतताना एकदा थांबून त्यांनी तणाव्याची चिंधी बोटांनी चाचपून पाहिली.

प्लास्टर जुलैत निघाले. मनगट अजून सकाळी ताठरते, गरम पाण्यात व्यायाम चालू आहे. डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मी त्याच आठवड्यात घेतली, तेव्हा अण्णांनी नेत्रतज्ज्ञांना एकच प्रश्न विचारला: "पुढच्या जूनच्या आत होईल ना?"